क्रिकेटचा सट्टा, क्रिप्टोचा रस्ता

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, ३० ऑगस्ट २०२५ रोजी, मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते मध्य प्रदेशच्या लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहेत. – संपादक)



उद्या गौरी यायच्या आहेत, घरोघरी गडबड आहे, तरीही आपण एवढ्या संख्येने आलात याबद्दल आभार. मी काही वक्ता नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि गेली बावीस वर्षं रस्ते, पूल आणि बिलं यांत काढली. या मंचावरून आजवर मी फक्त दोनदा बोललो, एकदा आरतीनंतर हरवलेल्या चपलांबद्दल आणि एकदा पार्किंगबद्दल. आजचा विषय मात्र मी स्वतः मागून घेतला. ऑनलाइन क्रिकेट सट्टा आणि त्यासाठी वापरली जाणारी क्रिप्टोकरन्सी.

का मागून घेतला? कारण ही गोष्ट माझ्या घरात घडली आहे, आणि तिची सुरुवात थोडीफार माझ्याच हातून झाली आहे.

क्रिकेटचं वेड आपल्या इंदूरला नवीन नाही. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडूंच्या गोष्टी आमच्या आजोबांनी आम्हाला रामायणासारख्या सांगितल्या. २०२२ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांना नेमकं कोणाच्या बाजूने ओरडावं हे कळेना! आणि यंदाच्या जूनमध्ये आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारच्या नेतृत्वाखाली बंगळूरूने आयपीएल जिंकली. तेव्हा क्रिकेट हे आपलं आहे. सट्टाही तसा जुनाच. आपल्या शहराने कापसाचा सट्टा पाहिला आहे. ज्येष्ठांना आकडा, मटका हे शब्द समजावून सांगायला नकोत. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. तिथूनच पुढे १९६० च्या दशकात मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या.

पण त्या काळी आकडा लावायला माणसाला घरातून बाहेर पडावं लागे. खिशातली खरी नोट काढून द्यावी लागे. कोपऱ्यावरचा खाईवाल ओळखीचा असे, आणि त्याच्याकडे जाताना कोणीतरी काका बघत आणि संध्याकाळी वडिलांना सांगत. हे वाटेतले थांबे होते. प्रत्येक थांब्यावर माणूस परत फिरू शकत होता. काही फिरलेही.

माझ्या खात्यात लोक नेहमी अर्ज घेऊन येतात, साहेब, आमच्या रस्त्यावरचा गतिरोधक काढा, फार त्रास होतो. आणि अपघात झाला की तेच लोक येतात, साहेब, इथे गतिरोधक का नव्हता? पैशाच्या रस्त्याचंही तसंच आहे. मला आज एवढंच सांगायचं आहे की क्रिप्टोने या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक काढून टाकले आहेत.

आता क्रिप्टो म्हणजे काय, ते आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे एमबी असते, मेजरमेंट बुक. किती खोदलं, किती काँक्रीट घातलं, त्याची नोंद त्यात शाईने करायची. पानांवर नंबर असतात. खोडरबर चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून सही करायची, पण पान फाडता येत नाही. अशी एक एमबी समजा, जिच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी आहेत आणि नवी नोंद झाली की सगळ्यांकडे होते. ती म्हणजे ब्लॉकचेन. बिटकॉइन हा त्यातला पहिला हिशेब. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी २००८ मध्ये त्याचा आराखडा मांडला आणि जानेवारी २००९ मध्ये तो सुरू झाला. यात बँक नाही, मॅनेजर नाही. सोय तीच आणि धोकाही तोच. पैसे चुकीच्या पत्त्यावर गेले तर तक्रार कोणाकडे करणार?

बिटकॉइनचा भाव सारखा वरखाली होतो. म्हणून सट्ट्याच्या साइट्स जास्त करून यूएसडीटी वापरतात. त्याला टेथर म्हणतात. एक टेथर म्हणजे साधारण एक अमेरिकन डॉलर, असं ते बांधलेलं आहे. मोबाइलवर एक वॉलेट, चौतीस अक्षरांचा एक पत्ता, आणि दोन-तीन मिनिटांत पैसे समुद्रापार. बऱ्याच साइट्सचा परवाना कुरासाव नावाच्या कॅरिबियन बेटावरचा असतो. उद्या भांडण झालं तर आपण कुरासावला जाणार आहोत का?

आता माझी चूक सांगतो. २०२१ च्या दिवाळीत मी वीस हजारांचे बिटकॉइन घेतले. पेपरात रोज भाव चढत होता. भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा जेवताना मोबाइल काढून सगळ्यांना दाखवलं. माझा भाचा तेव्हा कॉलेजात होता. त्याला अ‍ॅप कसं चालतं, वॉलेट म्हणजे काय, सगळं मीच कौतुकाने समजावलं. वर्षभरात माझ्या वीस हजारांचे साडेपाच-सहा हजार झाले, ते मी घाबरून विकले आणि त्यानंतर हा विषय घरात काढला नाही. चढताना दाखवलं, पडताना दाखवलं नाही. पुढे जे झालं त्यातला हा माझा वाटा.

भाच्याच्या परवानगीने सांगतो आहे. नाव सांगत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

२०२४ च्या आयपीएलमध्ये मित्राने त्याला टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे आधी फुकट टिपा, मग एक ‘आयडी’ मिळाला. सुरुवातीला पैसे यूपीआयने भरायचे. दर दोन-चार दिवसांनी पैसे भरायचं खातं बदलायचं, कारण ती भाड्याने घेतलेली खाती असतात आणि बँका ती बंद करत असतात. मग एजंट म्हणाला, भाऊ, यूएसडीटीमध्ये ये, काही झंझट नाही, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये काही दिसत नाही, घरी कळत नाही. ‘घरी कळत नाही’ ही त्यांची खरी जाहिरात.

क्रिप्टो कसं घ्यायचं हे त्याला मामाने शिकवलेलंच होतं.

पहिल्यांदा त्याने दोन हजार लावले आणि चौतीसशे परत आले. ते खरोखर परत आले, हे लक्षात घ्या. गळाला आमिष खरंच लावलेलं असतं. मग पाच हजार, मग दहा. पगार सव्वीस हजार. आठ महिन्यांत दोन लाख साठ हजार गेले, त्यातले एक लाख चाळीस हजार कर्जाच्या अ‍ॅपवरून आणि मित्रांकडून घेतलेले. त्याला विचारलं, तुला कळत नव्हतं का? तो म्हणाला, “मामा, ते पैसे वाटतच नव्हते. स्क्रीनवर पन्नास लिहिलेलं असायचं. पन्नास टेथर म्हणजे चार हजारांच्या वर होतात हे हरल्यावर आठवायचं.” नोट हातातून जाते तेव्हा हाताला कळतं. इथे हाताला काही कळतच नाही.

इथे थोडं गणित करू. समजा दोन संघ अगदी तोडीस तोड आहेत. साइट दोघांवर १.९० भाव देते, म्हणजे शंभर लावले आणि जिंकलात तर एकशे नव्वद मिळतील. आता तुम्ही दोन्ही संघांवर शंभर-शंभर लावून बघा. दोनशे गेले, एकशे नव्वद परत आले. कोणीही जिंको, दहा रुपये साइटचे. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरामागे पाच रुपये सरासरीने कापले जातात. शंभर जणांनी मिळून दहा लाख लावले आणि हाती येईल ते पुन्हा लावत राहिले, तर चौदा फेऱ्यांनंतर सगळ्यांचे मिळून सरासरीने पाच लाखांपेक्षाही कमी उरतात. पूर्वी चौदा फेऱ्या म्हणजे चौदा सामने, चौदा दिवस. आता प्रत्येक चेंडूवर पैसे लावता येतात. चौदा चेंडू म्हणजे अडीच षटकंही पुरी होत नाहीत.

यात क्रिप्टोची वेगळी कात्री लागते. टेथर बाजारभावापेक्षा चढ्या दराने घ्यायचं, पाठवायचा खर्च वेगळा, परत विकताना भाव कमी. पण जुगार हरवतो तो त्या पाच रुपयांनी. क्रिप्टो फक्त ते पाच रुपये पटापट आणि गुपचूप कापून देतं.

खरा दणका मात्र पुढे बसला. या वर्षी फेब्रुवारीत साइटवर त्याच्या खात्यात नव्वद हजारांच्या आसपास रक्कम दिसत होती. काढायला गेला तर म्हणाले, पडताळणीसाठी आधी वीस हजार भरा. तेवढी अक्कल त्याला होती, त्याने भरले नाहीत. वॉलेटमध्ये उरलेलं टेथर विकून टाकावं आणि सुटावं असं त्याने ठरवलं. ‘पीटूपी’ म्हणजे अनोळखी माणसाने आपल्या बँक खात्यात रुपये टाकायचे आणि आपण त्याला टेथर द्यायचं. बेचाळीस हजार आले. तीन दिवसांनी त्याचं बँक खातं गोठलं.

झालं असं, की ते बेचाळीस हजार दक्षिणेतल्या एका राज्यात फसवल्या गेलेल्या कोणा माणसाचे होते. चोराने ते पैसे भाच्याच्या खात्यात टाकले आणि त्याच्याकडून टेथर घेऊन पसार झाला. पोलिसांच्या कागदावर शेवटचं नाव कोणाचं? आमच्या पोराचं. पगार त्याच खात्यात. कर्जाचे हप्ते परत गेले, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, त्यातला एक ताईला आला. अशा रीतीने घरी कळलं.

तो माझ्याकडे रात्री साडेदहाला आला. जिन्यातच बसला, आत येईना. त्यानंतरचे साडेचार महिने आम्ही बँक, सायबर सेल आणि स्पीड पोस्ट यांच्यामध्ये काढले. मी सरकारी माणूस, फाइल कशी हलते हे मला ठाऊक आहे, तरी माझा जीव मेटाकुटीला आला. जुलैमध्ये वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं झालं. कर्जवाल्यांचं तोंड बंद करायला ताईने पाटल्या गहाण टाकल्या. त्या अजून सुटायच्या आहेत. परवा गौरीपूजनाला ती काचेच्या बांगड्या घालून बसेल आणि कोणी विचारलं तर काहीतरी सांगेल. म्हणून मीच आज सगळ्यांना सांगून टाकतो, म्हणजे तिला खोटं बोलायला नको. तिला विचारूनच हे बोलतो आहे.

आता कायद्याचं थोडक्यात. चार गैरसमज मी लोकांकडून ऐकतो.

पहिला, सरकार क्रिप्टोवर कर घेतं म्हणजे सगळं कायदेशीर आहे. क्रिप्टो बाळगण्यावर बंदी नाही, हे खरं. एप्रिल २०२२ पासून त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पण कर भरल्याने सट्टा पवित्र होत नाही.

दुसरा, साइट परदेशात आहे, आपला कायदा लागू नाही. आठच दिवसांपूर्वी, २२ ऑगस्टला, ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. परदेशातून इथे खेळ पुरवणारेही त्यात आले. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण जुगाराचे राज्यांचे कायदे आहेतच. परवापर्यंत भारतीय संघाच्या जर्सीवर अशाच एका कंपनीचं नाव होतं. देशातली अ‍ॅप्स आता पैशाचे खेळ बंद करत आहेत. पण सवय एका आठवड्यात जात नाही. ज्यांना ती आहे त्यांना गाठायला हे टेलिग्रामवाले आता जास्त जोरात येतील, आणि यूपीआयचा रस्ता अरुंद झाला की क्रिप्टोचा दाखवतील. म्हणून हे भाषण यंदाच व्हावं असं मला वाटलं.

तिसरा, क्रिप्टो गुप्त असतं. एमबीचं उदाहरण आठवा. नोंद कायमची, आणि कोणालाही वाचता येणारी. वॉलेटवर नाव नसतं, पण रुपये देऊन टेथर घेतलं की बँक खातं, पॅन, मोबाइल या वाटेने नाव जोडलं जातं. मार्च २०२३ पासून आपल्याकडच्या क्रिप्टो एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. घरच्यांपासून लपतं, तपास करणाऱ्यांपासून लपेलच असं नाही.

चौथा, मोठी साइट आहे, पैसे बुडणार नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये स्टेक या क्रिप्टोवर चालणाऱ्या बड्या बेटिंग साइटवरून सुमारे चार कोटी दहा लाख डॉलर चोरीला गेले. अमेरिकेच्या एफबीआयने त्यात उत्तर कोरियाच्या हॅकर टोळीचा हात असल्याचं सांगितलं. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजमधून तेवीस कोटी डॉलरहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लाखो सामान्य लोकांचे पैसे अडकले. आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधल्या भिलाईच्या लोकांनी उभा केलेला महादेव अ‍ॅपचा पसारा दुबईतून चालत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ते आणि आणखी एकवीस अ‍ॅप्स व साइट्स बंद केल्या. त्यातल्या ग्राहकांची काळजी कोणी केली असेल?

मग करायचं काय? मोबाइल काढून घेऊन हे थांबत नाही, ते मी करून बघितलं. अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

मुलाच्या मोबाइलवर वॉलेटचं अ‍ॅप दिसलं तर आरडाओरडा करू नका, पण विचारा, हे कशासाठी? सामना चालू असताना तो सामना न बघता मोबाइलच बघत असेल, पगार दहा तारखेच्या आत संपत असेल, तर विचारा. कर्ज एकरकमी फेडून देऊ नका. आधी सगळी यादी कागदावर लिहून घ्या. आमच्या पोराने पहिल्यांदा नव्वद हजारच सांगितलं होतं, खरी रक्कम तिसऱ्या दिवशी निघाली. शरमेने माणूस कमीच सांगतो.

पैसे फसवून गेले असतील तर ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. रुपये बँकेत असेपर्यंत अडवता येण्याची शक्यता असते. टेथर झालं आणि पुढे गेलं की ती फार कमी होते. आणि अनोळखी माणसाला क्रिप्टो विकून आपल्या खात्यात पैसे कधीही घेऊ नका, आपलं खातं कोणाला वापरायलाही देऊ नका.

आणि ही सवय आहे, व्यसन आहे, हे मान्य करा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन मोफत आहे, तिथे मानसिक आरोग्याची माणसं बोलतात. भाच्याने पहिला फोन माझ्या घराच्या गच्चीवरून केला. मी खाली चहा करत बसलो. चाळीस मिनिटांनी तो खाली आला आणि म्हणाला, “चहा गार झाला असेल ना?” त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे पोर परत येईल.

३ जूनची आयपीएलची अंतिम लढत आम्ही ताईकडे सगळ्यांनी एकत्र बघितली. शेवटच्या षटकात सगळे ओरडत होते, शेजारी फटाके वाजत होते. तो शांत बसला होता. मी मनातून घाबरलो. नंतर गॅलरीत तो मला म्हणाला, “मामा, एका वर्षात पहिल्यांदा मी मॅच बघितली. नाहीतर मी आकडेच बघत होतो.”

मंडळी, तंत्रज्ञान मागे जाणार नाही. मी क्रिप्टोचा शत्रू नाही, उद्या त्याचा काही चांगला उपयोगही होईल. पण ज्या रस्त्यावर बँकेचा मॅनेजर नाही, कोपऱ्यावरचा काका नाही, हातातली नोट नाही, तिथे गाडी थांबवायला कोणीतरी हवं. तो गतिरोधक आपल्यालाच व्हावं लागेल. मी भाऊबीजेच्या पानावर मोबाइल दाखवला, तसाच वर्षभराने पडलेला भावही दाखवला असता, तर कदाचित तिथेच एक थांबा लागला असता.

मागे उभ्या असलेल्या मुलांनो, तुमच्यापैकी कोणाला काही सांगायचं असेल तर माझं घर बहुतेकांना ठाऊक आहे. रात्री साडेदहाला आलात तरी चालेल. जिन्यात बसू नका, बेल वाजवा.

एवढं बोलून माझे चार शब्द संपवतो. गणपती बाप्पा मोरया!